कॅमेऱ्याच्या बाजूचे वऱ्हाडपांडे

वऱ्हाडपांडेकाकांच्या घरी गेलं की ते आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि मग आपल्याकडे. दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला एक लांबट वही टांगलेली असायची, तिला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. काका वहीत लिहायचे, 'सहा बेचाळीस. दोन मोठे, एक लहान.' मग पेन्सिल सोडून द्यायचे आणि तोंडभर हसून म्हणायचे, "या, या, या! किती दिवसांनी बाप्पा!"

आम्ही तेव्हा मिशिगनमधल्या नोव्हायला नवीन होतो. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो आणि ही नोंद बघून माझ्या नवऱ्याचा, संजयचा, चेहराच उतरला. त्याला वाटलं, हे काहीतरी इमिग्रेशनचं असणार. तो कोटाच्या खिशात पासपोर्ट चाचपायला लागला. आमच्या सहा वर्षांच्या सईला मात्र वेगळंच झोंबलं होतं.

"आय ॲम नॉट लहान," ती म्हणाली.

काकांनी गंभीरपणे वही पुन्हा हातात घेतली, 'एक लहान' खोडलं आणि 'एक मध्यम' असं लिहिलं.

निघताना पुन्हा तेच. 'नऊ दहा. तिघं गेली.' त्याखाली एक आडवी रेघ. ती रेघ ओढली की काका सुटल्यासारखे दिसायचे.

"आलेलं गेलं पाहिजे, गेलेलं आलं पाहिजे," ते म्हणायचे. "मधल्यामधे कोणी राहून नाही गेलं पाहिजे."

एकदा मराठी मंडळाच्या कमिटीची मीटिंग त्यांच्या घरी होती. आली एकोणीस माणसं, बाहेर पडली अठरा. काकांनी अठरा जणांना बुटांसकट अंगणात थांबवून ठेवलं आणि घरभर शोध घेतला. बेसमेंट पाहिलं, बाथरूमची दारं वाजवली, कोटांच्या कपाटात तर टॉर्च मारला. एकोणिसावे म्हणजे आमचे खजिनदार. ते गॅरेजमधल्या दाराने आधीच निघून गेले होते. काकांनी त्यांच्या घरी फोन लावला. "पोचलात ना? बरं. कुठून गेलात? गॅरेजमधून? अहो, गॅरेज हे काय जायचं दार राहते का!"

काका मूळचे नागपूरचे. शिकायला म्हणून इकडे आले आणि तीस वर्षं राहिले. पण बोलण्यातलं नागपूर तसंच ठेवलं होतं. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कंपनीत ते सेन्सरच्या टेस्टिंग लॅबचे सीनियर. गाडी ठोकली गेली की एअरबॅग उघडायची की नाही, हे ठरवणारा तो सेन्सर. मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले. ऑफिसच्या बिल्ल्यावर त्यांचं आडनाव मावलं नव्हतं, 'वऱ्हाडपा'पाशी संपलं होतं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "उरलेले मी घरी ठेवून येतो," ते म्हणायचे.

अलीकडे घरी ते एकटेच असायचे. नलूकाकू मुलीकडे, अश्विनीकडे, पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलला गेल्या होत्या. अश्विनीला जुळी झाली होती, दिवस भरायच्या आतच, नाजूक. काकू तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या त्याला आता दोन वर्षं होत आली होती. कोणी विचारलं तर काका म्हणत, "रजा वाढवून घेऊन राहिली. मंजूर न करून सांगतो कोणाला?" आणि विषय बदलत. विषय बदलून ते कुठे जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. ते हरणांवर जाणार.

आता ही हरणं कुठून आली ते सांगते. आमच्या लॅबमध्ये डेल नावाचा टेक्निशियन होता. सहा फुटांच्या वर उंची, लाल दाढी, आणि बोलणं इतकं कमी की पहिले दोन महिने मला तो माझ्यावर रागावला आहे असंच वाटत होतं. नोव्हायपासून दोन तास उत्तरेला त्याची वडिलोपार्जित चाळीस एकर रानाची जागा होती. तिथे एक लाकडी खोपटं, एक ओढा आणि बाकी झाडंच झाडं. मिशिगनमध्ये पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्या दिवशी आमची निम्मी लॅब रिकामी असायची. ज्याला ताप आला म्हणून रजा हवी असेल तोसुद्धा 'हरणाला चाललो' असंच सांगायचा. जास्त खपून जायचं.

मोसमाच्या आधी दोन-तीन महिने ही मंडळी रानात झाडांना कॅमेरे बांधतात. समोरून काही ऊबदार हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो, वर तारीख-वेळ उमटवतो. कुठली हरणं कुठून, किती वाजता जातात ते त्यावरून कळतं. डेलने असा एक कॅमेरा घेतला. तेव्हा आत फिल्मचा रोल असायचा. पहिल्या रोलमध्ये चोवीस फोटो आले आणि चोवीसही एकाच झुडपाचे. डेल कॅमेरा लॅबमध्ये घेऊन आला आणि काहीही न बोलता त्याने तो काकांच्या टेबलावर ठेवला.

काकांनी डबा बाजूला सारला. ते जेवणाच्या सुट्टीत काम करत नसत, पण त्या दिवशी केलं. सेन्सर उघडला, त्याच्या डोळ्यावर काळी टेप लावून मधे एक बारीक चीर ठेवली, पुन्हा बंद केला. पुढच्या रोलमध्ये एकोणीस हरणं, एक रकून आणि चार फोटो पाठमोऱ्या डेलचे. डेल म्हणाला, "प्रॅब, तू माझ्याबरोबर चल." प्रॅब म्हणजे प्रभाकर.

काका गेले, आणि हरणांचे होऊन बसले.

खरं तर काका शुद्ध शाकाहारी. केक घेतानासुद्धा त्यात अंडं आहे का विचारणारे. त्यामुळे मंडळातल्या बायका त्यांना गाठून विचारायच्या, "काका, तुम्ही शिकाऱ्याला मदत करता? पाप नाही का लागणार?"

"हे पहा," काका म्हणायचे, "मी डेलच्या बाजूचा नाही. हरणाच्या बाजूचाही नाही. मी कॅमेऱ्याच्या बाजूचा."

इकडे फोटो औषधांच्या दुकानात धुवून मिळायचे, तिथे एक मुलगी होती. ती बिचारी रिकामे फोटो बाजूला काढून ठेवायची, म्हणजे गिऱ्हाइकाला उगाच नकोत. काकांनी तिला रागावून ते आणायला परत आत पाठवलं. "रिकामे आधी दे! फोटोत कोणी नाही आणि तरी कॅमेरा उडाला, म्हणजे कोणीतरी गेलं ना! ते कोण?" त्या मुलीने पुढे नोकरी सोडली. त्याचा काकांशी संबंध नसावा.

चार वर्षांत एकाचे चार कॅमेरे झाले, फिल्म जाऊन मेमरी कार्डं आली आणि काकांनी रानाचा तक्ता बनवला. फाटकाचा कॅमेरा, ओढ्याचा कॅमेरा, कुंपणाचा कॅमेरा आणि टेकाडावरचा कॅमेरा. दर दुसऱ्या शनिवारी जाऊन ते कार्डं बदलून आणायचे आणि सोमवारी दुपारी लॅबमध्ये डेलला सगळा अहवाल वाचून दाखवायचे. काकांचे वडील नागपूरला सरकारी कचेरीत होते, त्यामुळे हरणांना नावंही तिथलीच. संध्याकाळी पाच चाळीसच्या सुमाराला न चुकता ओढा ओलांडणारा मोठ्या शिंगांचा नर तो 'हेडक्लार्क'. प्रत्येक कॅमेऱ्याला नाक लावून बघणारी मादी ती 'चौकशी'. आणि एका ऑगस्टमध्ये कुठूनसा उगवलेला, सगळ्यांपासून चार हात दूर उभा राहणारा एक तरुण नर होता, तो 'बदलीवर आलेला'. डेलला हे शेवटचं नाव उच्चारता येत नसे. तो त्याला 'बॅडली' म्हणायचा.

ऑक्टोबरमध्ये इकडच्या पेट्रोल पंपांवर हरणांसाठी गाजरांची पोती विकायला ठेवतात. रानात टाकली की हरणं खायला येतात. काकांनी एक पोतं डेलसाठी घेतलं, तेव्हा त्यांना ती गाजरं फारच चांगली वाटली. त्या दिवाळीला मंडळात काकांनी केलेला गाजरहलवा सगळ्यांनी दोनदा मागून घेतला. गाजरं कुठली ते काकांनी समारोपाच्या वेळी माइकवरून सांगितलं.

पण पंधरा नोव्हेंबर जवळ आला की काका गप्प व्हायचे. त्यांचा आणि डेलचा एक करार होता. कोण पडलं हे डेलने सांगायचं नाही आणि काकांनी विचारायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात कॅमेरे लागले की जो दिसेल तो आहे. पहिल्या कार्डावर हेडक्लार्क दिसला की काका लॅबमध्ये सगळ्यांना पेढे वाटायचे, आणि आमच्या अमेरिकन मॅनेजरला वाटायचं यांच्याकडे बाळ झालं.

हे सगळं मी लांबून बघायची. मग २००५ च्या नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी काकांची गाडी दुरुस्तीला गॅरेजमध्ये पडली आणि त्यांनी मला गळ घातली. "मोसमाच्या आधीची शेवटची कार्डं आहेत, मेधा. डेल कालपासून तिथेच आहे. तू फक्त ड्राइव्ह कर. मी रस्ताभर बोलतो." मला शेवटचं वाक्य धमकीसारखं वाटलं, पण गेले.

अकराच्या सुमाराला पोचलो. काकांनी भगवं जाकीट घातलं होतं, मलाही एक घालायला लावलं. शिकाऱ्यांच्या दिवसांत रानात माणूस लांबून माणूस दिसला पाहिजे म्हणून. आकाश करडं होतं आणि गार वारा चांगलाच बोचत होता. खोपट्याशी डेलचा पिकअप उभा. आत कॉफीचं भांडं भरलेलं, खुर्चीवर त्याचं जाड जाकीट. डेल नव्हता.

"रानात असेल," मी म्हणाले. "येईल."

"हो," काका म्हणाले आणि फाटकाच्या कॅमेऱ्याकडे वळले. खोपट्यातून रानात जायची वाट एकच, तीच फाटकातून जाणारी. काकांनी कार्ड काढलं, गळ्यातल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात घातलं आणि बटण दाबत एकेक फोटो बघायला लागले. मी हात चोळत उभी होते. बटणाचा आवाज एकदम थांबला.

"सात बावन्नला आत गेला," काका म्हणाले.

मी डोकावले. डेल पाठमोरा, खांद्यावर दोराचं वेटोळं, हातात करवत.

"मग?"

"मग आठ चाळीसला चौकशी. मग काही नाही. बाहेर आलाच नाही ना तो."

"काका, काम करत असेल. चाळीस एकर आहे."

काकांनी तो फोटो माझ्यासमोर धरला. त्यांचं नख स्क्रीनवर टेकलं होतं. "नुसत्या शर्टावर आहे तो. जाकीट खुर्चीवर. कॉफीही नेली नाही. डेल तासभर कॉफीशिवाय राहिला असं तू कधी पाहिलं? अर्ध्या तासाचं काम म्हणून गेला तो. तीन तास होऊन राहिले."

मी मोबाइल काढला. रेंज नव्हती. तोवर काका ओढ्याच्या दिशेने चालायला लागले होते. मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, पण त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांचे, गुडघ्याला पट्टा बांधणारे काका पानांच्या चिखलातून पळत होते.

ओढ्याच्या कॅमेऱ्यात आठ वाजून पाच मिनिटांनी डेल होता, पूर्वेकडे जाताना. पुढचा कॅमेरा कुंपणाचा. त्यात डेल नव्हता, सकाळपासून काहीच नव्हतं. काकांचं डोकं मात्र चालू होतं. "ओढा ओलांडला, कुंपणापर्यंत पोचला नाही. म्हणजे या दोघांच्या मधे. तू त्या अंगाने चल, मी या अंगाने. आवाज देत राहा."

"डेल!" मी ओरडले.

"डेल!" काका ओरडले. "ए डेल! अरे कुठे आहेस बाप्पा!"

त्या रानात इतकी शांतता होती की आमचेच आवाज मला परके वाटले. मला वाटलं, आपण उगाच घाबरलोय, आत्ता हा दाढीवाला एखाद्या झाडामागून येईल आणि आमच्याकडे नेहमीसारखा रागावल्यासारखा बघेल. तसं व्हावं म्हणून मी मनातल्या मनात देवाला सांगत होते. आणि मग डावीकडून काहीतरी ठक-ठक असं ऐकू आलं. लाकडावर लाकूड आपटल्यासारखं.

डेल एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी पडला होता. शिकारीला बसायचं मचाण बघायला तो शिडीने वर चढला होता आणि शिडी सरकली होती. शिडी अजून तिरपी लटकत होती. त्याचा उजवा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला वळला होता. ओठ निळे पडले होते. हातात काटकी धरून तो बुंध्यावर आपटत होता. ओरडायचं त्राण राहिलं नव्हतं.

"प्रॅब," तो म्हणाला. इतकंच.

काकांनी आपलं जाकीट काढलं, स्वेटर काढला, मफलर काढला, सगळं त्याच्यावर घातलं. मीही माझा कोट दिला. "तू गाडी घे," काका मला म्हणाले, "रेंज येईल तिथवर जा, ॲम्ब्युलन्स बोलाव, आणि फाटकाशी उभी राहा, म्हणजे त्यांना वाट सापडेल. मी याला झोपू देत नाही."

मी पळाले. दोन मैलांवर एका वळणाशी मोबाइलवर रेंजची एक काडी उमटली. मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण पलीकडची बाई शांत होती आणि तिच्यामुळे मीही झाले. मी परत फाटकाशी आले आणि वीसेक मिनिटांत ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर घेऊन आलेल्या दोघांना मी ओढ्यापलीकडे नेलं. लांबूनच काकांचा आवाज ऐकू येत होता. चढा, परीक्षा घेणाऱ्या मास्तरांसारखा.

"बारा ऑक्टोबर, संध्याकाळ! ओढ्यावर कोण आलं?"

"हेडक्लार्क," डेलचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा.

"किती वाजता?"

"फाइव्ह फॉर्टी."

"चूक! फाइव्ह फॉर्टी-टू! नीट आठव. त्याच्यामागून कोण?"

"बॅडली."

"बरोबर! आता चौदा ऑक्टोबर. डोळे उघड, डेल! चौदा ऑक्टोबर!"

थंडीत नुसत्या शर्टावर, गुडघे चिखलात टेकून, डेलचे दोन्ही हात स्वतःच्या काखेत धरून काका बसले होते. दात वाजत होते, पण अहवाल थांबला नव्हता. स्ट्रेचरवाल्यांतला एक जण दोन क्षण तसाच उभा राहिला. त्याला बहुधा कळेना, यातला पेशंट कुठला.

गावातल्या छोट्या हॉस्पिटलात आम्ही दुपारभर बसलो. काकांना नर्सने एक ब्लँकेट दिलं होतं, ते पांघरून ते मशीनमधला गोड चहा पीत होते आणि दर पाच मिनिटांनी दाराकडे बघत होते. तीनच्या सुमाराला डॉक्टर आले. मांडीचं हाड मोडलं होतं, ते बसवतील. थंडी अंगात शिरली होती, पण वेळेत आणलंत. आणखी दोन तास गेले असते तर मी काही सांगू शकलो नसतो, असं ते म्हणाले. बरा होईल. चालेल. सगळं होईल.

काकांनी चहाचा कागदी कप तोंडापर्यंत नेला आणि तो रिकामाच होता. तरी ते तो पीत राहिले. मला एकदम हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. इतकं हलकं मला वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं.

आम्हाला आत सोडलं तेव्हा डेलचे डोळे अर्धे मिटलेले होते, पण गालांवर रंग परतला होता.

"कोणी सांगितलं तुला?" त्याने काकांना विचारलं.

"कॅमेऱ्याने."

डेलने ब्लँकेटखालच्या पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "या वर्षी मी काही उठत नाही. हेडक्लार्कला कळव."

"कळवतो," काका म्हणाले. "एक वर्षाची मुदतवाढ मिळाली म्हणतो. साहेबांची तब्येत बरी नाही."

डेल हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग त्याने काकांचा हात धरला आणि दोघंही दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघत राहिले, नर्स येऊन आम्हाला बाहेर काढेपर्यंत. डेलची बहीण संध्याकाळपर्यंत येणार होती, तिच्याशी फोनवर बोलून आम्ही निघालो.

सकाळी रानाकडे येताना काकांनी सांगितल्याप्रमाणे रस्ताभर बडबड केली होती. मक्याची शेतं, नागपूरचा उन्हाळा, सेन्सर, अश्विनीच्या जुळ्यांचे दात, सगळं. परतताना ते काहीच बोलेनात. मी हीटर वाढवला. दोन्ही बाजूंनी झाडं मागे पळत होती. मला वाटलं दमून झोपले, पण बघितलं तर डोळे सताड उघडे, रस्त्यावर लावलेले.

नोव्हाय अर्ध्या तासावर आलं तेव्हा ते म्हणाले, "मेधा, तू सकाळी किती वाजता उठतेस?"

"सहाला. का?"

"साडेसहाला जागी राहतेस म्हणजे."

"हो."

ते खिडकीकडे वळले. मग, "मला एक फोन करत जा. रोज. काही बोलायचं नाही. मी 'हं' म्हणालो की ठेवून द्यायचा. तुझा वेळ नाही घेणार."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"नलूला सांगितलं असतं," ते म्हणाले, "पण तिकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन राहतात. पोरं रात्रभर जागवतात तिला, तेवढीच झोप मिळते बिचारीला. आणि सांगितलं तर ती लगेच बॅग भरेल. मग अश्विनी काय करेल? तिला नको सांगू. आजचंही सगळं नको सांगू, डेल पडला एवढंच सांग." मग थोडं हसून, "तशी माझी तब्येत ठणठणीत आहे हं. पण जिना आहे घरात. बाथरूमला फरशी आहे. सोमवारी ऑफिसला नाही गेलो तर कळेलच कोणाला तरी. पण शुक्रवारी संध्याकाळी पडलो तर मधे दोन दिवस राहतात ना."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. मग म्हणाले, "उद्यापासून करते, काका."

"रविवारी झोपायचं असेल तर सातला केलास तरी चालेल."

"साडेसहालाच करीन."

"बरं," काका म्हणाले. त्यांनी सीट मागे केली आणि पुढच्या दोन मिनिटांत घोरायला लागले. त्यांच्या दारात गाडी उभी केली तरी त्यांना जाग आली नाही. मी पाच मिनिटं तशीच थांबले, मग हलवून उठवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. घरात सगळे झोपलेले. मी ओट्याशी उभी राहून बरोबर साडेसहाला नंबर फिरवला. एकच रिंग पुरी झाली.

"हं," काका म्हणाले.

ठरल्याप्रमाणे मी आता फोन ठेवायचा होता. मी ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही. पलीकडे कुठेतरी नळ थेंब थेंब गळत होता, तो ऐकू येत होता.

"काका, चहा झाला?"

"नाही अजून. फोन वाजेल म्हणून इथेच उभा होतो."

"मग टाका. मीही टाकते."

"थांब हं," ते म्हणाले. फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग पातेलं, मग पाणी, मग शेगडी पेटतानाची टिकटिक. मी माझं पातेलं चढवलं आणि रिसीव्हर मान आणि खांद्याच्या मधे धरला. साखरेचा डबा उघडला, तिकडेही उघडलेला ऐकू आला. आधण आधी तिकडे आलं, मग इकडे.